कोसोव्हो* (*अटी लागू)

एका देशाच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. नुसती धून. उभं राहायचं, ऐकायचं आणि खाली बसायचं. गीताचं नाव 'युरोप' आणि देशाचं नाव कोसोव्हो. (शब्दांशिवायचं राष्ट्रगीत स्पेनचंही आहे, आणि नेमका स्पेन कोसोव्होला देश मानत नाही. असतात असे योगायोग!)

शब्द का नाहीत? कारण शब्द लिहायचे म्हटले की ते कोणत्या भाषेत, हा प्रश्न आला. देशात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक अल्बेनियन, पण सर्बियन हीसुद्धा तितकीच अधिकृत भाषा. एका भाषेत लिहिलं तर दुसरे दुखावणार. मग शब्दच नकोत. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये वादाचा विषय अजेंड्यावरूनच काढून टाकतात, त्यातलाच हा प्रकार.

थोडी पार्श्वभूमी. आकाराने हा देश आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान आणि लोकसंख्या सुमारे सोळा लाख, म्हणजे पुणे शहराच्या जेमतेम निम्मी. युगोस्लाव्हियाचे तुकडे पडले तेव्हा कोसोव्हो सर्बियाच्या ताब्यात राहिलं. मिलोसेविचच्या काळात तिथल्या अल्बेनियनांवर जे अत्याचार झाले, त्यानंतर १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली आणि सर्बियन फौजा बाहेर पडल्या. पुढची काही वर्षं कारभार संयुक्त राष्ट्रांकडे होता. १७ फेब्रुवारी २००८ ला कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलं. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही. लक्षात घ्या, कोसोव्हो हा देश 'आहे' असं न्यायालय म्हणालं नाही. घोषणा करणं बेकायदा नव्हतं, एवढंच म्हणालं. आमच्याकडे टेस्टिंगवाले अगदी असाच शेरा लिहितात.

आता त्या शीर्षकातल्या चांदणीबद्दल. २०१२ मध्ये सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यात एक करार झाला. बाल्कनमधल्या बैठकांना कोसोव्होने आपल्या नावाने बसायचं, पण नावापुढे एक चांदणी हवी आणि खाली तळटीप हवी, की या नावामुळे दर्जाबद्दलच्या कोणाच्याही भूमिकेला बाधा येत नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत फ्लॅटच्या किमतीपुढे असते ना, तीच चांदणी. टेबलावरच्या पाटीवर कोणीतरी आपल्या देशाच्या नावापुढे 'अटी लागू' लिहिलंय, अशी कल्पना करून बघा.

मला या देशात रस आहे तो यासाठी, की बाकीच्या देशांची ओळख आधी तयार होते आणि परराष्ट्र धोरण नंतर येतं. इथे उलटं झालं. जगाने मान्यता द्यावी म्हणून ओळख बनवली गेली. क्लायंटने रिक्वायरमेंट डॉक्युमेंट दिलं आणि त्याबरहुकूम राष्ट्र डिलिव्हर झालं! झेंड्याचंच बघा. स्पर्धा घेतली, हजाराच्या आसपास डिझाइनं आली. पण नियम असा, की दोन डोक्यांचा गरुड चालणार नाही आणि अल्बेनियाच्या किंवा सर्बियाच्या झेंड्याची आठवण होईल अशी रंगसंगती चालणार नाही. निवडला गेला तो निळा झेंडा. त्यावर सोनेरी नकाशा आणि सहा वांशिक गटांचे सहा तारे. थेट युरोपियन युनियनच्या झेंड्याचं धाकटं भावंड. राज्यघटनेत कलम, की हा देश दुसऱ्या कोणत्याही देशात विलीन व्हायचा प्रयत्न करणार नाही. म्हणजे अल्बेनियाशी एकीकरण हे स्वप्नसुद्धा घटनाबाह्य.

आणि लोक? लग्नाकार्यात लोक अल्बेनियाचा लाल झेंडाच फडकवतात, काळ्या गरुडाचा. २२ जून २०१८ ला वर्ल्ड कपमध्ये स्वित्झर्लंडने सर्बियाला २-१ ने हरवलं तेव्हा गोल करणारे झाका आणि शाचिरी, दोघेही मूळचे कोसोव्होतल्या अल्बेनियन घरांतले. दोघांनीही गोलनंतर काय केलं? दोन्ही हात छातीवर एकमेकांत अडकवून बोटं पंखांसारखी फडफडवली. गरुड! फिफाने दंड ठोठावला. निळा झेंडा मान्यतेसाठी, गरुड मनात. मला यात ढोंग दिसत नाही. ऑफिसात एक भाषा आणि घरी दुसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना तर दिसूच नये.

मान्यता म्हटलं की आपण यूएनचं सभागृह डोळ्यांसमोर आणतो. हो किंवा नाही, शून्य किंवा एक. प्रत्यक्षात मान्यता ही शेकडो छोट्या टेबलांमध्ये विखुरलेली असते आणि प्रत्येक टेबलाचा मालक वेगळा. एकदा आमच्या टीमकडे एका युजरची तक्रार आली: 'फॉर्ममध्ये माझा देश निवडायला मिळत नाही.' यादी आयएसओ मानकाची होती, ती यूएनच्या मागे चालते, आणि त्यात कोसोव्हो नाही. त्यामुळे भारताच्या डॉट इन सारखं स्वतःचं डोमेनही नाही. युरोपियन कमिशन, नाणेनिधी वगैरे मंडळी 'एक्सके' हा कोड वापरून काम भागवतात. मानकातच काही कोड 'ज्याला हवे त्याने आपल्यापुरते वापरा' म्हणून मोकळे ठेवले आहेत, त्यातला हा एक. म्हणजे एका अख्ख्या देशाचा मुक्काम टेंपररी व्हेरिएबलमध्ये.

फोनची गोष्ट तर आणखी मजेशीर. कितीतरी वर्षं कोसोव्होत लँडलाइनला सर्बियाचा कोड होता आणि मोबाइलला मोनॅको किंवा स्लोव्हेनियाचा. शेजारच्या घरी फोन लावायचा तर कागदोपत्री तीन देश! स्वतःचा ३८३ हा कोड मिळाला डिसेंबर २०१६ मध्ये, तोही सर्बियाशी वाटाघाटी करून.

आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा विजेचा. जानेवारी ते मार्च २०१८ या काळात युरोपातल्या पंचवीस देशांत ओव्हनवरची, रेडिओवरची घड्याळं हळूहळू मागे पडायला लागली. ही घड्याळं विजेच्या ५० हर्ट्‌झ फ्रिक्वेन्सीवर सेकंद मोजतात. कोसोव्हो आपण बनवतो त्यापेक्षा जास्त वीज ग्रिडमधून घेत होतं. ती तूट भरून काढायची जबाबदारी औपचारिकरीत्या सर्बियाच्या ग्रिडवर होती आणि सर्बिया ती भरत नव्हता. मुळाशी भांडण असं, की उत्तर कोसोव्होतले सर्ब युद्धापासून वीजबिलच भरत नव्हते, आणि ते कोणी भरायचं यावर एकमत नाही. सरासरी फ्रिक्वेन्सी ४९.९९६ वर आली. गणित करून बघा: दिवसाला सात सेकंद, पन्नास दिवसांत सहा मिनिटं. जर्मनीतला माणूस सहा मिनिटं उशिरा ऑफिसला पोचतो, कारण हजार-दीड हजार किलोमीटरवर एक गाव कोणत्या देशात आहे ते ठरलेलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोसोव्होचं ग्रिड अल्बेनियाबरोबर वेगळं झालं. ही बातमी कोणी पहिल्या पानावर छापली नाही, पण माझ्या मते एखाद्या लहानशा बेटाने दिलेल्या मान्यतेपेक्षा हे जास्त मोठं स्वातंत्र्य.

प्रिस्टिनाच्या नेत्यांचा जीव मात्र आकड्यात. शंभराहून जास्त देशांनी मान्यता दिली, असं ते सांगतात. सर्बिया एकेकाला परत फिरवायच्या मागे असतो. २०१७ मध्ये सुरीनामने दिलेली मान्यता काढून घेतली. आकड्यासाठी काय काय करावं लागतं? इस्रायलने २०२१ मध्ये मान्यता दिली, झूमवर. आणि बदल्यात मुस्लिमबहुल कोसोव्होने जेरुसलेममध्ये वकिलात उघडली. प्रिस्टिनात बिल क्लिंटनचा पुतळा आहे, हात वर केलेला. आणि मधोमध जाणाऱ्या मुख्य रस्त्याला नाव आहे मदर तेरेसांचं. त्या अल्बेनियन घरातल्या, पण नागरिक भारताच्या.

भारताने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. बेलग्रेडशी आपली मैत्री टिटो-नेहरूंच्या काळापासूनची. रशियाची भूमिका माहीत आहे. आणि एकतर्फी घोषणेने देश होतो हे मान्य केलं की काश्मीरचं नाव निघणार, ही भीती. (पाकिस्तानने २०१२ मध्येच मान्यता दिली, बांगलादेशाने २०१७ मध्ये.) १९७१ मध्ये आपण बांगलादेशाला मान्यता दिली तेव्हा हे तत्त्व कुठे होतं, असं कोणी विचारलं तर उत्तर अवघड आहे. पण ठीक आहे, परराष्ट्र धोरण तत्त्वावर चालतं असं मी तरी मानत नाही. न द्या मान्यता.

मला खटकलं ते नोव्हेंबर २०१८ मध्ये. दिल्लीत महिलांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा होती. कोसोव्होच्या दोन्येता सादिकू या बॉक्सरला व्हिसा मिळाला नाही. तिच्या देशाला ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्येच सदस्य करून घेतलं होतं, २०१६ मध्ये रिओत मायलिंदा केलमेंडीने ज्युडोत सुवर्णसुद्धा जिंकलं होतं. एका मुलीला रिंगमध्ये उतरू दिल्याने भारताची काश्मीरवरची भूमिका कशी कमकुवत झाली असती? चांदणी लावा, तळटीप लावा, हवं तर दोन लावा, पण खेळू द्या. युरोपियन युनियनमधले पाच देश आजही कोसोव्होला मानत नाहीत, तरी १ जानेवारी २०२४ पासून कोसोव्होचे लोक शेंगेनमध्ये व्हिसाशिवाय जातात. म्हणजे करता येतं.

हे सगळं वाचून मी कोसोव्होचा वकील आहे असं वाटेल, पण खरी तक्रार मला प्रिस्टिनाबद्दलच आहे. ज्या देशाला मान्यतेची किंमत इतकी कळते, त्याने घरातल्या सर्बांशी कसं वागावं? कागदावर सगळं सुंदर आहे: संसदेच्या १२० पैकी २० जागा अल्पसंख्याकांना राखीव, त्यातल्या दहा सर्बांना. पण २०१३ मध्ये ब्रसेल्सला लेखी कबूल केलेला सर्बबहुल नगरपालिकांचा संघ अजून झालेला नाही. 'देशाचे तुकडे होतील' ही भीती. हो, बन्य्स्कासारखा सशस्त्र हल्ला सप्टेंबर २०२३ मध्ये झाला, त्यामुळे भीती अगदीच हवेतली नाही. पण बेलग्रेडही गेली कित्येक वर्षं जगाला हेच कारण सांगत आलंय ना? १ फेब्रुवारी २०२४ पासून व्यवहार फक्त युरोत करायचे असा नियम आला. त्या युरोबद्दलही थोडं: कोसोव्होने तो कोणाशीही करार न करता, आपला आपण वापरायला घेतला आहे. आता सर्बियन दिनार बंद झाला आणि उत्तरेतल्या म्हाताऱ्या सर्बांना सर्बियातून येणारी पेन्शन काढायला सीमा ओलांडून जावं लागू लागलं. तीच सीमा, जी त्यांच्या हिशेबी अस्तित्वातच नाही.