वार एक की दोन?

पोटातल्या बाळासाठी शस्त्रक्रिया म्हटले की मोठी चीर डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात यातली सर्वाधिक रुळलेली शस्त्रक्रिया जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीतून होते. या दुर्बिणीचे कौतुक योग्यच आहे. पण ती वापरण्याची वेळ आली आहे हे कोणाला आणि कधी कळणार, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

ही शस्त्रक्रिया एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांसाठी असते. अशा शंभर गर्भारपणांपैकी साधारण दहा ते पंधरांत वारेवरील रक्तवाहिन्यांच्या जोडांतून एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते. देणारे बाळ खुरटते, त्याच्या भोवतीचे पाणी आटते. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्या भोवती पाणी बेसुमार वाढते. आईचे पोट काही दिवसांतच भराभर वाढते, ताठ होते, धाप लागते. आजार तीव्र असेल आणि उपचार झाले नाहीत, तर बहुतेक वेळा दोन्ही बाळे दगावतात.

पूर्वी सुईने जादा पाणी काढत. त्याने आईला आराम पडे, पण रक्तवाहिन्यांचे जोड तसेच राहत. दुर्बिणीतून अर्धा मिलिमीटर जाडीचा लेसर-तंतू आत नेऊन ते जोडच बंद करता येतात, हे अमेरिकेतील डॉ. ज्युलियन डी लिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केले. २००४ मध्ये युरोपातील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष आले. निदान एक बाळ जन्मानंतर २८ दिवस जगण्याचे प्रमाण लेसरच्या गटात ७६ टक्के, तर पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

तरीही हा उपाय निर्धोक नाही. आईच्या त्वचेची जखम भरते. पाणमोटीला पडलेले छिद्र सहसा भरून येत नाही. पाणी लवकर जाणे आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती हे यातले मोठे धोके. म्हणून अवजार जितके बारीक तितके बरे. पण फार बारीक दुर्बिणीतून दिसतेही कमी, आणि एखादा जोड नजरेतून सुटला तर आजार परततो. म्हणूनच अवजारांइतकाच ते चालवणाऱ्या हातांचा सराव महत्त्वाचा ठरतो. भारतात अशी केंद्रे मोजकी आहेत, तीही प्रामुख्याने मोठ्या शहरांत.

खरी अडचण मात्र त्याच्याही आधी सुरू होते. जुळ्यांची वार एक आहे की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत खात्रीने कळते. पुढे ते ओळखणे अवघड होत जाते. वार एकच असेल, तर १६व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी हवी, कारण लेसरची नेहमीची वेळ १६ ते २६ आठवड्यांची आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी ही दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींसाठी आहे. म्हणजे वार मोजण्याची उत्तम वेळ तिच्या आधीच निघून गेलेली असते. ‘जुळी आहेत, सर्व ठीक’ एवढाच अहवाल हाती घेऊन घरी गेलेली बाई पोट ताठल्यावर परत येते, तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. जुळ्यांच्या प्रत्येक अहवालात वारेची संख्या लिहिणे सक्तीचे करावे, पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सरकारी रुग्णालयांत सहज मिळावी आणि एक वार आढळताच कोठे पाठवायचे, याची यादी तालुक्यापर्यंत पोचावी. गर्भलिंग निदानबंदीचा कायदा लिंग सांगण्यास मनाई करतो, वार मोजण्यास नाही. गर्भवतीनेही सोनोग्राफीच्या टेबलावरून उठण्याआधी एवढे विचारावे: ‘डॉक्टर, वार एक की दोन?’