खुर्चीवरून उतरवण्याची सोय

जुलै २०२२ च्या एकाच आठवड्यात दोन देशांच्या सत्ताधीशांची सद्दी संपली. ७ जुलैला लंडनमध्ये बोरिस जॉन्सन यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. दोन दिवसांत त्यांच्याच पक्षाच्या पन्नासहून अधिक जणांनी सरकारी पदे सोडली होती. पक्षाने दुसरा नेता शोधायला घेतला. कोलंबोत मात्र ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. कुणी पोहण्याच्या तलावात उड्या मारल्या, कुणी पलंगावर लोळले. आत सापडलेली सुमारे १ कोटी ७८ लाखांची रोकड आंदोलकांनी मोजून पोलिसांच्या हवाली केली. गोटाबाया राजपक्षे १३ तारखेला लष्करी विमानाने मालदीवला पळाले आणि सिंगापूर गाठल्यावर ईमेलने राजीनामा धाडला.

दोघांनाही २०१९ च्या अखेरीस, महिन्याभराच्या अंतराने, मतदारांनी घसघशीत कौल दिला होता. त्यांची गच्छंती इतकी वेगळी झाली, त्याचे मोठे कारण राज्यपद्धतीत आहे.

श्रीलंकेने १९७८ मध्ये, जे. आर. जयवर्धने यांच्या काळात, ब्रिटिश वळणाची संसदीय पद्धत सोडून कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिली. संसदेच्या मर्जीवर न डोलणारे, ठाम निर्णय घेणारे सरकार हवे, हा त्यामागचा विचार. निर्णय ठाम झालेही. गोटाबायांनी आधी करकपात करून तिजोरीला भगदाड पाडले. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. भाताचे पीक घसरले, चहाचे मळे अडचणीत आले आणि नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. पुढच्या एप्रिलमध्ये देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली. त्याआधीच इंधनाच्या रांगेत ताटकळत वृद्धांनी प्राण सोडले होते.

मे महिन्यात पंतप्रधान महिंदा राजपक्षे गेले, पण त्यांचे धाकटे बंधू अध्यक्षपदाला चिकटून राहिले. अविश्वास ठरावाने त्यांना हटवता येत नव्हते. संसदेत दोनतृतीयांश मते, मग सर्वोच्च न्यायालयाची चौकशी, मग पुन्हा दोनतृतीयांश मते, एवढा लांबचा तो रस्ता. संतापलेल्या लोकांना तेवढा धीर कुठून असणार?

हे पद रद्द करू, असे वचन चंद्रिका कुमारतुंगांनी १९९४ मध्ये दिले होते. २०२४ मध्ये निवडून आलेले अनुरा कुमारा दिसानायके यांनीही तेच दिले आहे. एकदा एकवटलेली सत्ता सोडणे किती अवघड, हे या मधल्या तीस वर्षांतून दिसते.

भारतातही अध्यक्षीय पद्धतीची मागणी अधूनमधून डोके वर काढते. ती करणाऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण जरूर वाचावे. सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे; पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त. संसदीय पद्धतीत मतदार ठरावीक मुदतीने हिशेब घेतातच, शिवाय प्रश्न, ठराव, चर्चा यांतून सभागृह तो रोज घेते. संविधानाच्या मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार अवघ्या एका मताने पडले आणि पंतप्रधानांनी निमूटपणे राजीनामा दिला, तो याच व्यवस्थेमुळे.

मात्र हा रोजचा हिशेब आपणच पातळ करत आलो आहोत. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला; त्याच अधिवेशनात तीन कृषी कायदे घाईने मंजूर झाले. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. जे सभागृहात ऐकून घ्यायचे, ते रस्त्यावर ऐकावे लागले.

यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचाही वाटा आहे. घाऊक पक्षांतरे त्याने थांबली नाहीत, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिले. पण एखाद्या विधेयकाविरुद्ध मत देऊ पाहणारा एकटा खासदार मात्र त्याने जखडला. पक्षादेश मोडला तर खासदारकी जाते. हे बंधन विश्वासदर्शक व अविश्वास ठराव आणि अर्थसंकल्पापुरते ठेवावे, बाकी विधेयकांवर सदस्याला आपल्या बुद्धीने आणि मतदारसंघाला स्मरून मत देऊ द्यावे. त्यासाठी राज्यपद्धत बदलण्याची गरज नाही. हा कायदा संविधानाच्या ज्या दहाव्या परिशिष्टात आहे, त्यातली दुरुस्ती पुरेशी आहे.