जुनी गाठ, नवी पाठदुखी

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत पाठदुखी हे नवल नव्हे. भातलावणीत दिवसभर वाकलेली पाठ दुखणारच, आणि बहुधा ती विश्रांतीने बरीही होते. परंतु ज्यांच्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया पूर्वी, अगदी १५ वर्षांमागेही झाली असेल, त्यांच्या नव्या पाठदुखीचे खापर वयावर वा कष्टांवर फोडून स्वस्थ बसू नये.

याचे कारण शरीररचनेत आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांना एकच द्रव वेढून असतो. प्रौढ माणसात तो सुमारे १५० मिलिलीटर असतो आणि दिवसातून तीन-चार वेळा नवा होतो. एपेंडायमोमासारख्या दुर्मीळ गाठींच्या पेशी या द्रवातून खाली उतरून पाठीच्या कण्यात रुजू शकतात. मेंदूच्या आवरणातील हिमँजिओपेरिसायटोमा ही गाठ रक्तावाटे मणक्यांत, फुप्फुसांत वा यकृतात पोहोचते, तीही कधी १० वर्षे उलटल्यावर. म्हणून ‘पाच वर्षे सरली, आता सुटलो’ हा हिशेब येथे चालत नाही.

मग ओळखावे कसे? रात्री किंवा आडवे झाल्यावर वाढणारी पाठदुखी, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना, खोकताना पायात जाणारी कळ ही लक्षणे दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. पाय लटपटणे, बैठकीच्या जागेची बधिरता, लघवी अडणे किंवा शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही झाल्यास मात्र सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी मालिश नको, मणका ‘बसवून’ घेणे तर मुळीच नको.

निदानासाठी संपूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय करावा लागतो. पुढे औषधे, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काय करावे, हे तज्ज्ञ ठरवतात. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालत असतो, त्याचे चालणे टिकण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. विलंबाची किंमत ती हीच.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. शस्त्रक्रियेचे कागद, बायोप्सीचा अहवाल आणि जुन्या फिल्म एका पिशवीत घालून घरात कोरड्या जागी ठेवा. गाठीचे नेमके नाव वहीत लिहा. आजोबांना ते आठवणार नाही, आणि मुरबाड-शहापूरच्या डॉक्टरांना सर्वांत आधी तेच विचारावे लागेल.