विटाळाचे नवे नाव

'त्या दिवसांत' बाईला शब्द सुचत नाहीत, हा जुनाच विटाळ आता संप्रेरकांचे नाव घेऊन तोंडी परीक्षेच्या दालनापर्यंत आला आहे. आमचा त्याला विरोध आहे. एलिझाबेथ हॅम्पसन यांच्या १९९० च्या अभ्यासात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन चढे असताना उच्चारणाच्या चाचण्यांत स्त्रिया काहीशा सरस ठरल्या, एवढेच. पुढे २०२५ मध्ये १०२ शोधनिबंधांतील ३,९४३ सहभागींच्या निष्कर्षांची एकत्रित छाननी झाली. बौद्धिक कामगिरीत पाळीच्या चक्रानुसार ठाम, सातत्यपूर्ण फरक आढळला नाही. पोटदुखी खरी असते. तिच्यासाठी विश्रांती जरूर द्यावी, पण बुद्धीचे गुण कापू नयेत. पाळीचे नाव घेताना पिढ्यान्‌पिढ्या अडखळली ती आपली भाषा: 'कावळा शिवला', 'बाहेर बसली'. चाचणी घ्यायचीच तर तिची घ्यावी.