पुराचे खापर नेमके कोणावर?



मी बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण काजूच्या मोसमात बागायतदार हप्ता भरायला येतात आणि मोहोर अवकाळी पावसाने करपल्याचे सांगून मुदत मागतात, तेव्हा हवामान बदल हा विषय माझ्याही खात्यात जमा होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी साळ, इब्रामपूर, हणखणे भागात घुसले. २३ जुलै २०२१ च्या पुराला मुख्यमंत्र्यांनीच १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हटले. तेव्हापासून दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, "पाऊस आमच्या आजोबांच्या वेळीही असाच पडायचा." दुसरा, बहुधा पुढारी, म्हणतो, "हवामान बदलले, आम्ही काय करणार?" मला दुसऱ्याची भीती अधिक वाटते.

पहिल्याला उत्तर सोपे आहे. पासबुकातील एका नोंदीवरून खाते कळत नाही, अनेक वर्षांचे खातेउतारे पाहावे लागतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड कारखानदारीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० होता, आज तो ४२० च्या वर आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि आपला अरबी समुद्रही तापतो आहे. म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो.

पण धरणाचे पाणी कधी सोडावे, खालच्या गावांना इशारा कधी द्यावा, शेतात भराव कोणी घातला, डोंगर कोणी कापला, हे काही आकाशातून पडत नाही. ते कागदोपत्री सह्यांनी ठरते. तिळारी प्रकल्प तर महाराष्ट्र आणि गोवा या दोन सरकारांचा. तेव्हा विचारायचे कोणाला, हेही आपल्याला ठाऊक हवे.

हे समजून घ्यायला परदेशी जायला नको. समुद्राचा अभ्यास करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था दोनापावलाला आहे. अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखणारे केंद्र वास्कोत आहे. (किती गोंयकारांना हे माहीत आहे, देव जाणे!) पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेला भारताच्या हवामानाचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे त्यात आहे. मराठीतून वाचायचे तर अतुल देऊळगावकरांची पुस्तके आहेत. आमच्या वाचनालयाने ती आणावीत, वर्गणी माझी पहिली.

आणि मते मागायला उमेदवार दारात येतील, तेव्हा चहा जरूर द्या. पण पेडणे आणि साखळीच्या पर्जन्यमापकांवरील नोंदी आधी पणजीच्या वेधशाळेतून मिळवून टेबलावर ठेवा आणि विचारा: पुढच्या पावसाळ्यात तिळारीचे दरवाजे उघडण्यापूर्वी साळच्या माणसाला किती तास आधी कळणार?