‘बरा झालास ना, मग ऑफिसला कधीपासून?’ क्रॉनिक फटिग सिंड्रोममधून उठलेल्यांना हा प्रश्न अवघड का जातो?

टायफॉइड झाला, ताप उतरला, थोडे दिवस अशक्तपणा राहिला आणि माणूस कामाला लागला. आजारपणाचा हा हिशेब आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणजेच एमई-सीएफएसमध्ये तो चुकतो.

असं का होतं?

हा थकवा झोप काढूनही जात नाही. त्याची मुख्य खूण म्हणजे झेपेल त्याहून जास्त श्रम झाले की त्रास वाढतो, आणि तोही बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी. सोमवारी बरं वाटलं म्हणून घर आवरलं, बँकेत जाऊन आलं आणि बुधवारी अंथरुणातून उठवतच नाही. लांबलेली मीटिंग किंवा लग्नघरातला गोंगाटही याला पुरतो. म्हणून ‘आज बरं वाटतंय’ हा दिवसच सगळ्यात फसवा असतो.

मग बरं झालं कुणाला म्हणायचं?

या प्रश्नावर ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. ६४१ रुग्णांवरच्या ‘पेस’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवणं आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो, असं त्यात म्हटलं होतं. २०१३ मध्ये याच अभ्यासातले किती रुग्ण ‘बरे’ झाले, तेही जाहीर झालं.

पण रुग्णांनी एक गोष्ट पकडली. शारीरिक क्षमतेच्या १०० गुणांच्या मोजमापात ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांनाच अभ्यासात घेतलं होतं. ‘बरं’ ठरण्यासाठी आधी ८५ गुणांची अट होती, ती नंतर ६० वर आणली गेली. म्हणजे ६५ वरून ६० वर घसरलेला माणूसही निदान ही एक अट पूर्ण करत होता!

पुढे २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि ठरलेल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नका, असं सांगितलं. त्याऐवजी भर आला तो आपल्या मर्यादेत राहून शक्ती जपून वापरण्यावर.

कामावर परतताना काय?

२००५ च्या एका आढाव्यानुसार, ठरावीक उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण ४० टक्के जणांची तब्येत सुधारते, पण पूर्ण बरे होणारे जेमतेम ५ टक्के. म्हणजे कामावर परतणाऱ्या अनेकांची तब्येत सुधारलेली असते, आजार पुरता गेलेला नसतो.

अशांसाठी कमी तासांनी सुरुवात, घरून काम, मध्ये विश्रांती आणि त्रास वाढला तर मागे येण्याची मोकळीक, या सवलती म्हणजे लाड नव्हेत. दुखणं उलटू नये म्हणून त्या लागतात. ज्याला अजिबात त्रास उरलेला नाही, त्यानेही एकदम सगळं सुरू न करता दोन-तीन दिवस थांबून शरीर काय म्हणतंय ते पाहिलेलं बरं.

आणि घरच्यांनी, मित्रांनी? ‘कधीपासून’ऐवजी ‘किती झेपतंय?’ एवढंच विचारलं, तरी समोरच्याला खरं उत्तर देता येतं. नाहीतर तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो, कामाला लागतो आणि आठवड्याभरात पुन्हा अंथरूण धरतो.