नकाराची पोच

फ्लॅट पाहून झालेला असतो, डिपॉझिट ठरलेले असते, आणि संध्याकाळी एजंटचा फोन येतो: "सॉरी मॅडम, ओनरचा भाचा राहायला येतोय." हा भाचा पुण्या-मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटांत राहायला येणार असतो आणि कधीच येत नाही. मधल्या वेळात मालकाला फक्त आडनाव कळलेले असते.

तक्रार करावी का, असे विचारले की शहाणी माणसे 'नको' म्हणतात. म्हणे घर त्याचे, मर्जी त्याची. भाडे बुडवणारा भाडेकरू नाकारायची मर्जी मालकाला आहेच; त्यासाठी पगाराची स्लिप मागता येते, पोलिस पडताळणी करता येते. आडनावावरून यातले काय कळते? आणि ही मर्जी अमर्याद आहे असे कायदाही मानत नाही. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने बहिष्काराच्या व्याख्येत घर भाड्याने द्यायला नकार देणे धरले आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९चा कायदा तर भाड्याच्या घरातला भेदभाव नाव घेऊन निषिद्ध ठरवतो.

'सोसायटीचा नियम आहे' हे दुसरे पालुपद. त्यासाठी २००५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला जातो. तो होता अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदत्वाबद्दल, आणि तिच्या उपविधीतच ती अट होती. तुमच्या सोसायटीच्या उपविधीत तसे काही आहे का, ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी नियम सेक्रेटरींच्या तोंडी असतो.

तिसरा सल्ला सर्वांत मायेने दिला जातो: आडनाव सांगू नका, मित्राच्या नावावर करार करा. हा उपाय करून पाहिलेला आहे. १९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झालेले बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून आले होते, तरी त्यांना पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. नाव लपवून मिळालेल्या छपराखाली रोज दाराकडे कान लावून राहावे लागते. शिवाय आता कराराची नोंदणी सक्तीची आहे. खोटेपणा उघडा पडला तर उलट तुम्हीच अडकाल.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे. धर्मावरून, खाण्यावरून किंवा 'एकटी बाई नको' म्हणून खासगी मालकाने घर नाकारले, तर त्याला थेट पकडणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. तेव्हा तक्रार फेटाळली जाऊ शकते, आणि ते घर तर बहुधा मिळणारच नाही. पण अर्जच नसले की 'अशी तक्रार आमच्याकडे नाही' हे उत्तर सरकारी टेबलावर तयार असते. सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंडच्या एका इमारतीत मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारली गेली. तिने व्हिडिओ केला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आणि मग पंकजा मुंडेंनीही सांगितले की मराठी म्हणून आपल्यालाही मुंबईत घर नाकारले गेले होते. त्या वेळी माजी मंत्री असलेल्या मुंडेसुद्धा तोवर गप्प होत्या!

(त्या वेळी संतापलेल्यांपैकी किती जण आपला फ्लॅट भाड्याने देताना एजंटला 'आपल्यातलेच बघा' म्हणतात, हा प्रश्न मुलुंडच्या बाहेरही विचारावा लागेल.)

म्हणून माझे मत: तक्रार करा, पण आधी डोक्यावर छप्पर मिळवा. विद्यार्थ्याने, लेकुरवाळीने रस्त्यावर राहून लढावे असे सांगण्याचा अधिकार घरमालकीण असलेल्या मला नाही. मात्र नकार तोंडी आला की त्याच दिवशी एजंटला मेसेज करून कारण विचारा. उत्तर जपून ठेवा. जातीवरून नाकारले असेल तर पोलीस ठाणे आणि अनुसूचित जाती आयोग, धर्मावरून असेल तर राज्य अल्पसंख्याक आयोग, बाई म्हणून असेल तर महिला आयोग, सोसायटीने अडवले असेल तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या.